तसबिरीचा घोटाळा : पॅरिसपासून बागलाणपर्यंत

आमचे नामपूर हे नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्यातले, मोसम नदीच्या काठचे गाव. कांद्याचा बाजार आणि यात्रेतला तमाशा या दोन गोष्टी इकडच्या माणसाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. संगीत नाटक मात्र इकडे क्वचितच येते. म्हणून काही वर्षांमागे शेजारच्या एका खेड्यातल्या शाळेने स्नेहसंमेलनात 'संशयकल्लोळ' नाटकातला एक प्रवेश बसवला, तेव्हा मी मुद्दाम पाहावयास गेलो. प्रवेश तसबिरीचा होता. बायकोच्या हाती परक्या पुरुषाची तसबीर पाहून फाल्गुनरावाचे डोळे पांढरे होतात, तो प्रवेश. मुलांनी कामे झकास केली. मंडपात हशा मावेना. माझ्या पुढे गोणपाटावर एक म्हातारी बाई बसली होती. ती एकटी हसली नाही. शेजारणीला ती अहिराणीत जे म्हणाली त्याचा भाव असा : "हसतात काय ही पोरं? आमच्या वेळी एवढ्यावरून बाईला कायमची माहेरी धाडली होती."

त्या दिवसापासून हा हशा आणि त्या म्हातारीचे ते वाक्य, दोन्ही माझ्या मनात बरोबर राहत आली आहेत. आज त्यासंबंधीच चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. विषय आहे नवरा-बायकोमधल्या संशयाचा, आणि रंगभूमीने, पुढे चित्रपटाने, तो कसा हाताळला याचा. मौज अशी की हा इतिहास सुरू होतो थेट फ्रान्स देशात.

28 मे 1660 रोजी पॅरिस शहरात मोलिएर या नाटककाराचे एक छोटे पद्यनाटक रंगभूमीवर आले. नाव 'स्गानारेल'. त्याला जोडनाव होते, त्याचा अर्थ साधारण असा की, 'बायकोने फसवल्याची नुसती कल्पना करून बसलेला नवरा'. नाटक एकाच अंकाचे. कथानकही साधे. एक तरुण मुलगी आपल्या प्रियकराची लहानशी तसबीर जवळ बाळगून असते. बाप तिचे लग्न दुसरीकडे ठरवतो, त्या दुःखाने तिला भोवळ येते आणि तसबीर खाली पडते. स्गानारेल नावाचा एक साधासुधा गृहस्थ तिला सावरतो. हे त्याची बायको खिडकीतून पाहते आणि समजते की नवऱ्याचे बाहेर काही आहे. ती धावत खाली येते, तोवर मुलीला आत नेलेले असते. बायकोला सापडते ती तसबीर. ती कौतुकाने न्याहाळत असता नवरा मागून येतो, आणि समजतो की बायकोचेच बाहेर काही आहे. मग ती तसबीर ज्याची, तो तरुण येतो. आपली तसबीर या परक्या माणसाच्या हाती पाहून त्यालाही वेगळाच संशय येतो. याप्रमाणे एका तसबिरीपायी चार माणसे वेडी होतात. स्गानारेलचे काम स्वतः मोलिएर करीत असे. सूड घ्यावयाचा म्हणून चिलखत चढवून, शस्त्र घेऊन बाहेर पडलेला आणि प्रत्यक्ष माणूस समोर येताच गळाठून जाणारा हा नवरा पाहून पॅरिसचे लोक पोट धरधरून हसले.

पुढे शंभर वर्षांनी ही तसबीर लंडनला पोचली. आर्थर मर्फी हा मूळचा आयर्लंडचा लेखक. त्याने 1761 साली 'ऑल इन द राँग', म्हणजे 'सगळ्यांचीच चूक', या नावाचे पाच अंकी नाटक लिहिले. त्यात मोलिएरचा साधा नवरा सर जॉन रेस्टलेस नावाचा सरदारी थाटाचा माणूस झाला. मर्फीने एक महत्त्वाचे केले. नवऱ्याचा संशय आणि बायकोचा संशय त्याने अगदी तोलून, समान मापाने मांडला. हा मत्सरी तर तीही मत्सरी. हा नोकरास फितवतो तर तीही दासीकडून बातमी काढते.

आणि मग तसबीर आपल्याकडे आली. आणली गोविंद बल्लाळ देवल यांनी. देवलांचा जन्म 1855 चा. बालपण सांगलीजवळच्या हरिपूरचे. बेळगावास शिकत असता अण्णासाहेब किर्लोस्कर त्यांना शिक्षक म्हणून लाभले, आणि नाटकाची दीक्षा तेथेच मिळाली. 1893 च्या सुमारास देवलांनी मर्फीच्या नाटकावरून 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिले. पुढे गंधर्व नाटक मंडळीसाठी त्यांनी त्यात पदे घातली आणि त्याचेच 'संगीत संशयकल्लोळ' झाले. ते 1916 साली रंगभूमीवर आले. त्याच वर्षी 14 जूनला देवल वारले. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडस यांचा फाल्गुनराव या भूमिका त्या पिढीच्या तोंडी कायमच्या राहिल्या. अगदी अलीकडच्या काळातही प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांनी हे नाटक पुन्हा रंगभूमीवर आणले, आणि नव्या पिढीचे प्रेक्षक त्याला तितकेच हसले.

आता शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. देवलांनी नुसते भाषांतर केले नाही. आधी नावेच पाहा. पुरुषांना त्यांनी महिन्यांची नावे दिली : फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ आणि नोकर भादव्या. बायकांना नक्षत्रांची : कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. आपल्या पंचांगातले सगळे आकाशच त्यांनी रंगमंचावर उतरवले. परंतु त्याहून मोठा बदल दुसरा आहे. पॅरिस-लंडनच्या नाटकांतली तरुणी ही घरंदाज कुटुंबातली. 1890 च्या महाराष्ट्रात घरंदाज कुमारिका प्रियकराची तसबीर उराशी धरून रस्त्याने चालली आहे, हे कोण खरे मानणार? तिचे लग्न बहुधा बालपणीच झालेले असायचे. म्हणून देवलांनी रेवतीला नायकिणीच्या घरात जन्माला घातले. नायकिणीची मुलगी, परंतु एकाशीच लग्न करून संसार मांडण्याची इच्छा धरणारी. त्यामुळे काय झाले, की संशयाला आपोआप आधार मिळाला. अश्विनशेठला रेवतीचा संशय येतो तेव्हा प्रेक्षकालाही वाटते, 'हिच्या जातीचे काय सांगावे?' आणि शेवटी ती निर्मळ ठरते तेव्हा चूक केवळ अश्विनशेठची ठरत नाही, प्रेक्षकाचीही ठरते. 'मृच्छकटिका'तली वसंतसेना मराठीत आणणारा आणि 1899 साली 'शारदा' लिहून म्हाताऱ्या नवरदेवांना धडा शिकवणारा हा नाटककार हसवता हसवता असे काम करून जातो.

बरे, देवलांनी संशयाकडे फक्त हसूनच पाहिले का? नाही. तसबिरीचे नाटक लिहिण्याआधी तीनच वर्षे, 1890 साली, त्यांनी 'झुंझारराव' लिहिले. ते शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वर बेतलेले. झुंझारराव हा शूर सरदार, कमळजा त्याची निष्पाप पत्नी, आणि जाधवराव हा त्याच्या कानात विष ओतणारा. येथे तसबिरीच्या जागी एक रुमाल आहे. कमळजेचा रुमाल परक्याच्या हाती जातो आणि एवढ्यावरून झुंझारराव तिचा जीव घेतो. गणपतराव जोशी यांनी ही भूमिका गाजवली.

म्हणजे पाहा, एकाच लेखकाने तीन वर्षांच्या आत एकच प्रश्न दोनदा मांडला. एकदा रुमाल आणि खून, एकदा तसबीर आणि हसू. दोन्हीकडे बायको निर्दोष. दोन्हीकडे पुरावा म्हणजे हातभर देखील नसलेली एक वस्तू. मग एक घर स्मशान का होते आणि दुसरे घर का वाचते?

या प्रश्नाचे उत्तर मला एका फ्रेंच चित्रपटाने दिले. पुण्यास शिकत असताना एका चित्रपट मंडळात तो मी पाहिला. क्लोद शाब्रोल या दिग्दर्शकाचा 1969 सालचा 'ला फाम अँफिदेल', म्हणजे 'बेइमान बायको'. नावावरून सवंग वाटावा, पण चित्रपट अतिशय शांत आहे. शार्ल हा विमा कंपनीत काम करणारा, व्हर्सायच्या बाजूस बंगल्यात राहणारा सभ्य गृहस्थ. हेलेन त्याची बायको, आणि एक लहान मुलगा. घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. शार्लला संशय येतो. तो खासगी गुप्तहेर नेमतो. गुप्तहेर त्या दुसऱ्या पुरुषाचे नाव, पत्ता आणि, श्रोतेहो, एक तसबीर आणून देतो! शार्ल त्या माणसाच्या घरी जातो, समजूतदार नवऱ्यासारखा गप्पा मारतो. तेवढ्यात त्याची नजर तेथल्या एका मोठ्या सिगारेट-लायटरवर पडते. तो लायटर त्यानेच लग्नाच्या वाढदिवसाला हेलेनला भेट दिलेला. त्या क्षणी त्याचा तोल जातो आणि तो एक पुतळा उचलून त्या माणसाचे डोके फोडतो. मग तितक्याच शांतपणे तो रक्त पुसतो आणि प्रेत डबक्यात बुडवतो.

'झुंझाररावा'त आणि 'संशयकल्लोळा'त संशय खोटा होता. येथे तो खरा आहे. म्हणून या चित्रपटाचा मला फार उपयोग झाला. खोट्या संशयाच्या गोष्टीत आपण सहज म्हणतो, 'अरेरे, ती निर्दोष होती, म्हणून वाईट झाले.' जणू ती दोषी असती तर मारणे योग्यच ठरले असते! शाब्रोल आपल्याला ती पळवाट ठेवत नाही. बायकोची चूक झाली आहे हे तो मान्य करतो आणि मग विचारतो, पुढे काय? शेवटी हेलेनला नवऱ्याच्या कोटाच्या खिशात ती तसबीर सापडते. तिला सगळे उमजते. ती काही न बोलता ती तसबीर जाळून टाकते. नवऱ्याला वाचवण्यासाठी! आणि पोलीस दारात येतात तेव्हा दोघांनाही कळून चुकलेले असते की आपले एकमेकांवर प्रेम आहे. पण उशीर झालेला असतो.

आता तिन्ही नवरे शेजारी उभे करून पाहा. झुंझारराव जाधवरावाला विचारतो, पण रुमाल कसा गेला हे बायकोला विचारताना त्याने शिक्षा आधीच ठरवलेली असते. शार्ल गुप्तहेराला विचारतो, त्या परक्या माणसाशी बोलतो, पण आपल्या बायकोला एका शब्दाने विचारत नाही. फाल्गुनराव मात्र भांडतो. कृत्तिकाही भांडते. दोघे घर डोक्यावर घेतात, एकमेकांवर नाही नाही ते आरोप करतात, पण करतात समोरासमोर. आणि म्हणूनच शेवटी सगळी मंडळी एकत्र येतात, तेव्हा तसबीर कोणाकडून कोणाकडे गेली ते उलगडते. तेथे संसार वाचला तो शहाणपणाने नव्हे, बरं का. गोष्ट चारचौघांत बोलली गेली म्हणून वाचला. आपल्याकडे घरातली भांडणे वाईट समजतात. त्याहून वाईट असते ती मनात धरलेली गाठ.

परंतु या गोष्टीला कायद्याची एक बाजू आहे. ती सांगितली नाही तर इतिहास अपुरा राहील. फ्रान्समध्ये 1810 च्या दंडसंहितेप्रमाणे बायकोने व्यभिचार केला तर तिला तुरुंग, तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. नवऱ्याने केला तर त्याला फक्त दंड, आणि तोही त्याने दुसरी बाई राहत्या घरात आणून ठेवली असेल तर. एवढेच नव्हे, नवऱ्याने राहत्या घरात बायकोला परपुरुषासह प्रत्यक्ष पकडून मारले, तर त्याचा खूनही क्षम्य धरण्याची तरतूद होती. शार्लला त्या तरतुदीचा आधार मिळण्यासारखा नव्हता. पण शाब्रोलने चित्रपट काढला त्या वर्षी ती तरतूद फ्रान्सच्या कायद्यात होती हे विसरून चालणार नाही. ती गेली 1975 साली.

आपल्याकडे 1860 ची भारतीय दंडसंहिता 1 जानेवारी 1862 पासून अमलात आली. तिच्यातले 497 वे कलम व्यभिचाराचे. दुसऱ्याच्या बायकोशी त्या नवऱ्याच्या संमतीवाचून संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा. बायकोला शिक्षा नव्हती. वरवर पाहता ही दया वाटते. पण शब्द नीट पाहा : 'नवऱ्याच्या संमतीवाचून'. म्हणजे बायको ही जणू नवऱ्याची शेतजमीन. बांध कोरला तर तक्रार करायची ती मालकाने. आणि नवरा बाहेर गेला तर बायकोला या कलमाखाली तक्रारच करता येत नसे. फाल्गुनरावाच्या संशयाला कायद्यात दार होते, कृत्तिकेच्या संशयाला खिडकीदेखील नव्हती. मुंबई राज्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका खटल्यात 1954 साली हे कलम वैध ठरले. ते रद्द झाले 27 सप्टेंबर 2018 रोजी, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाच्या निकालाने. स्त्री ही पतीची मालमत्ता नव्हे, हे त्या निकालाचे सार. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही व्यभिचार हा गुन्हा नाही. विवाहकायद्याखाली तो घटस्फोटाचे कारण मात्र आहे, आणि नवरा-बायको दोघांनाही ते सारखेच मागता येते.

आता या पार्श्वभूमीवर देवलांकडे पुन्हा पाहा. ज्या काळी कायदा बायकोची फिर्याद ऐकूनच घेत नव्हता, त्या काळी देवलांनी रंगमंचावर कृत्तिकेला फाल्गुनरावाच्या बरोबरीने संशय घ्यायचा, जाब विचारायचा, तणतणायचा हक्क दिला. कल्पना मर्फीची आणि तिचे बीज मोलिएरचे, हे खरे. पण मराठी घरात, मराठी बाईच्या तोंडी ते बोल घालण्याचे धैर्य देवलांचे. प्रेक्षक हसले. हसता हसता त्यांनी एवढे तरी मान्य केले की बायकोलाही विचारायचे असते.

तरीही ती म्हातारी हसली नाही, आणि तिचे बरोबर होते. नाटकात फाल्गुनराव आणि कृत्तिका सारखेच वेडे. गावात तसे नसते. पुरुषाला संशय आला तर बाईला माहेरचा रस्ता दाखवतात, बाईला संशय आला तर तिला सोसायला सांगतात. आपण तर पंचवटीच्या जिल्ह्यातली माणसे. एका परटाच्या बोलण्यावरून सीतेला वनात जावे लागले हे आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर दळताना किती ओव्यांतून गाइले आहे! रामाला त्यांनी देव मानले, पण सीतेचे दुःख लपवले नाही. माझी तर समजूत अशी आहे की त्या ओव्या हाच आपल्या बायकांचा जाबजबाब होता. न्यायालय नव्हते म्हणून तो जात्यापुढे दिला गेला.

एक शेवटची गोष्ट. पॅरिसची तसबीर जुन्या काळी लंडनमार्गे महाराष्ट्रात आली. शाब्रोलच्या चित्रपटाचेही तसेच झाले. 2002 साली अमेरिकेत त्यावरून 'अनफेथफुल' निघाला, आणि 2004 साली मुंबईत 'मर्डर' या हिंदी चित्रपटाने तोच धागा उचलला. वाट तीच : आधी फ्रेंच, मग इंग्रजी, मग आपल्याकडे. फरक एवढाच की पूर्वी सगळ्या वाटेवर हसू टिकून राहिले होते. या खेपेस हसू आलेच नाही. आणि तसबीर? ती आता ज्याच्या-त्याच्या खिशात आहे. मोबाईलवर कोणाचा फोटो आला, कोणाचा निरोप आला, एवढ्यावरून घरे मोडताना आपण पाहतो. सून फोनवर कोणाशी बोलते म्हणून तिचा फोन काढून घेतलेला आपल्या ओळखीच्या कोणत्या गावात नाही? तसबीर आपणहून काहीच सांगत नाही. जो पाहतो तो आपल्या मनातले तिच्यात वाचतो. हे मोलिएरला 1660 साली कळले होते.

म्हणून शिक्षकांना माझी एक विनंती आहे. स्नेहसंमेलनात तसबिरीचा प्रवेश अवश्य बसवा. मुले मनसोक्त हसतील, हसू द्या. दुसऱ्या दिवशी वर्गात मात्र त्यांना दोन प्रश्न विचारा. पहिला, ती तसबीर हाती आल्यावर फाल्गुनरावाने आधी काय विचारायला हवे होते? आणि दुसरा, कृत्तिकेला कायमची माहेरी धाडली असती तर ती कोणाकडे दाद मागणार होती? पहिल्याचे उत्तर मुले चटकन देतील. दुसऱ्याला वर्ग थोडा वेळ गप्प राहील. त्या गप्प राहण्यात, मला वाटते, त्या म्हातारीचे म्हणणे कोणीतरी प्रथमच ऐकून घेतलेले असेल.